डोंगर मोजले, शिवारं राहिली

अबुझमाडची टोपोशीट उघडली की डोळा आधी तपकिरी रंगावर जातो. वीस-वीस मीटर उंचीच्या फरकाने काढलेल्या समोच्च रेषा कड्यांपाशी एकमेकींना इतक्या बिलगतात की तेवढा कागद काळपट दिसतो. त्या रेषांमधून निळे ओढे उतरतात, नाल्यांना मिळतात, नाले नद्यांना, आणि सगळं पाणी शेवटी इंद्रावतीत जातं. १:५०,००० मापाचं एक पत्रक या भागात साधारण सातशे चौरस किलोमीटर व्यापतं. नारायणपूर, बीजापूर आणि दंतेवाडा या जिल्ह्यांत पसरलेलं, चार हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचं अबुझमाड क्षेत्रफळाने अशा पाच-सहा पत्रकांएवढं भरतं. कोणत्या टेकडीचं डोकं किती उंच, कोणत्या ओढ्याला बारमाही पाणी, कोणती पाऊलवाट कुठल्या खिंडीतून पलीकडे उतरते, हे सगळं त्यावर आहे. त्या उतारावरचं शेत कोणाचं, एवढंच कुठे नाही.

रायपूरच्या वर्तमानपत्रांत अबुझमाडची बातमी आली की ‘देशातला कधीच न मोजलेला प्रदेश’ हे शब्द हमखास येतात. अकबराच्या काळात इथे मोजणीचा प्रयत्न झाला होता, असंही जोडीला छापलं जातं. बस्तर मुघलांच्या राज्यात नव्हतं. ते काकतीयांचा वारसा सांगणाऱ्या राजांकडे होतं, त्यामुळे या गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही. ‘कधीच न मोजलेला’ हेही अर्धंच खरं आहे. डोंगर, नद्या, जंगल हे भारतीय सर्वेक्षण विभागाने मोजलं, उंच्यांसकट छापलं. मोजली गेली नाहीत ती शिवारं. गावाची हद्द, शेताचा बांध, कसणाऱ्याचं नाव हे महसुली मोजणीचं काम, आणि ते सव्वादोनशेहून अधिक गावांच्या या मुलखात २०१७ पर्यंत सुरूच झालं नव्हतं. इथला डोंगर सरकारला ठाऊक झाला आणि त्यानंतर कितीतरी दशकं तिथला माणूस कागदावर यायचा राहिला. हा क्रम कसा पडला, हे समजून घेण्यासाठी हा लेख. रायपूरच्या मराठी माणसाला तर ते समजून घेणं भागच आहे, कारण या गोष्टीत आपलेही पूर्वज आहेत.

१७९५ साली जेम्स ब्लंट नावाचा कंपनी सरकारचा एक तरुण अधिकारी मिर्झापूरजवळच्या चुनारहून निघाला. उत्तरेकडून आंध्र किनाऱ्याकडे जाणारी वाट शोधणं हे त्याचं काम. मधला सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा किंवा त्यांच्या मांडलिकांचा. तो रतनपूरला आला, तेव्हा तिथून राज्य करणाऱ्या बिंबाजी भोसल्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती आणि कारभार मराठी सुभेदाराकडे होता. रतनपूर नावाला राजधानी, पण त्याला तिथे हजारएक झोपड्यांचं विस्कळीत गाव दिसलं. रायपूर त्याहून मोठं निघालं, तीन हजारांच्या आसपास झोपड्या आणि चालता व्यापार. आपल्या शहराचं इतकं जुनं आणि डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन फार थोडं आहे. ब्लंटची प्रवासकथा पुढे ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापून आली.

रायपूरपर्यंत त्याची वाट सोपी होती. खरी अडचण कांकेरच्या पुढे आली. बस्तरमधून सरळ दक्षिणेला उतरणं त्याला जमलं नाही. त्याला पश्चिमेला वैरागडच्या बाजूने वळावं लागलं, वाटेत गोंडांनी त्याच्या तुकडीला अडवलं, चकमक झाली, आणि मगच त्याला गोदावरीचा काठ गाठता आला. आज त्याची वाट नकाशावर आखली तर ती अबुझमाडला वळसा घालून जाते. पुढच्या दोनशे वर्षांत बाहेरून आलेल्या बहुतेकांनी हेच केलं.

मराठी कारभारालाही मोजणीची निकड वाटली नाही. १७९०च्या सुमारास सुभेदार विठ्ठल दिनकर यांनी छत्तीसगडात परगणा पद्धत बसवली. परगण्यावर कमाविसदार, गावावर गौंटिया, आणि ठरलेली रक्कम वर पोचली की झालं. शेत किती, माती कसली, याची चौकशी खालच्या माणसाने करायची. मैदानात ही व्यवस्था रेटून नेता आली. डोंगरात मात्र वसुलीला आलेला माणूस म्हणजे लुटारू, एवढीच ओळख उरली. अबुझमाडच्या उत्तर कडेला परलकोटची जमीनदारी होती. तिथल्या गेंदसिंहाच्या नेतृत्वाखाली अबुझमाडिया उठले. नागपूरकरांची वसुली आणि त्यांच्या आडून आलेला इंग्रजांचा वचक, दोन्हींविरुद्ध हा उठाव होता. २० जानेवारी १८२५ रोजी गेंदसिंहाला परलकोटमध्ये त्याच्याच वाड्यासमोर फाशी दिलं गेलं. छत्तीसगडात हा दिवस आजही हौतात्म्याचा दिवस म्हणून पाळला जातो. आमच्या मराठी घरांत बिंबाजींचं नाव कौतुकाने निघतं, गेंदसिंहाचं निघत नाही. ते निघायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

याच काळात या देशाचा सगळ्यात मोठा मोजणीयज्ञ आपल्या पश्चिमेकडून जात होता. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत महाकंस उत्तरेला नेला. त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाच्या घरात होता आणि तो माणसांनी वाहून न्यायचा. हैदराबादहून नागपूरकडे येताना १८२३च्या जानेवारीत लॅम्बटन हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. वर्धा जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली तिथपर्यंत जात असतील तर मला आनंद वाटेल. त्याच्या त्रिकोणांचं जाळं पुढे पूर्वेला पसरत गेलं, त्याच्या आधाराने इंच-मैल मापाचे नकाशे झाले, आणि बस्तरचे डोंगर कागदावर उतरले.

दूरच्या, दुर्गम जागा मोजायला माणसं किंवा हिंमत कमी पडली, असं म्हणता येत नाही. १८६५-६६ मध्ये कुमाऊँच्या नैनसिंह रावतांनी यात्रेकरूच्या वेशात, माळेचे मणी सरकवत पावलं मोजली आणि बर्फाच्या पाण्यावर पोसलेल्या त्सांगपोचा तिबेटातला कित्येक मैलांचा प्रवाह नकाशावर आणला. बर्फातली परकी नदी पावलांनी मोजता आली, तर इंद्रावतीच्या उत्तर काठावरचं शेत मोजणं अशक्य नव्हतं. कोणाला काय हवं होतं, यावर सगळं ठरलं.

खनिज हवं होतं, तिथे नकाशा लगेच झाला. १८८७ मध्ये भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी तेव्हाच्या रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातलं लोखंड नोंदवलं. त्यात डल्ली-राजहरा आलं. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोराबजी टाटा नागपूरला सचिवालयात कामासाठी गेले असता, भेट व्हायला वेळ होता म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले आणि भिंतीवरच्या भूवैज्ञानिक नकाशात त्यांना दुर्ग भागातला लोखंडाचा रंग दिसला. टाटांचा कारखाना शेवटी दुसरीकडे झाला, पण त्या डोंगरांच्या जोरावर स्वातंत्र्यानंतर भिलाई उभी राहिली. आज डल्ली-राजहऱ्याहून निघालेला रेल्वेमार्ग नारायणपूरच्या दारातल्या रावघाटकडे चालला आहे. रावघाटचं लोहखनिज कागदावर कधीच आलेलं होतं. त्याच्या पलीकडच्या गावातली माणसं जमिनीच्या कागदावर यायची होती.

आणि जंगल हवं होतं, तेव्हा सीमाही आखल्या गेल्या. बस्तर संस्थानात राखीव वनांची आखणी झाली, पेंदा म्हणजे फिरती शेती बंद, शिकार बंद, वरून वेठबिगार. १९१०च्या फेब्रुवारीत भूमकाल उसळला. त्याचा नेता गुंडाधूर याचं नाव आज रायपूरच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. भूमकालला सत्तेविरुद्धचं बंड म्हणतात, ते आहेच. पण तो जमिनीवर रेघ मारण्याच्या हक्काचाही झगडा होता. रेघ मारणारा माणूस आपल्या बाजूने मारणार नाही, हे डोंगरातल्या लोकांनी अनुभवाने ओळखलं होतं.

एक गोष्ट मात्र खरी, की महसुली मोजणीची साखळी इथे टाकणं सोपं नव्हतं. सिरोंच्याला बसून कारभार पाहणाऱ्या ग्लासफर्डने १८६२ मध्ये बस्तरवर अहवाल लिहिला. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन १९२७ ते १९३१ बस्तरचा प्रशासक होता आणि त्याचं माडिया गोंडांवरचं पुस्तक १९३८ मध्ये आलं. अडचण त्यांनी पाहिलेल्या मुलखातल्या शेतीतच होती. पहाडी माडियांची शेती म्हणजे पेंदा. उतारावरची झाडी तोडायची, वाळवायची, जाळायची, राखेत कोसरा फेकायचा. दोन-तीन वर्षं पीक घ्यायचं, मग तो उतार पुन्हा झाडीला सोडून द्यायचा आणि दहा-बारा वर्षांनी परतायचं. शेत फिरतं, त्याच्या मागोमाग घरंही फिरतात. मात्र ज्या टापूत हे सगळं फिरतं, तो टापू पक्का असतो. ती कुळाची भूम. तिची हद्द कोणता ओढा, कोणती धार, कोणता दगड, हे गावच्या गायत्याला तोंडपाठ असतं. गायता म्हणजे मातीचा पुजारी. पेंदा कुठे तोडायचा हे त्याच्या संमतीशिवाय ठरत नाही.

म्हणजे इथे हद्द होती, हक्क होता, नोंद ठेवणारा माणूसही होता. बसत नव्हतं ते पटवाऱ्याच्या कागदात. त्याच्या खसऱ्यात एका तुकड्याला एक क्रमांक आणि एक नाव लागतं, आणि तो तुकडा पुढच्या वर्षी तिथेच सापडावा लागतो.

रायपुरात राहणाऱ्या एका निवृत्त सर्वेक्षकांशी मी यावर बोललो. प्लेन टेबल आणि अ‍ॅलिडेडच्या जमान्यात ते खलाशांच्या टोळीबरोबर जंगलात महिनोन्‌महिने राहिलेले. मी त्यांना काका म्हणतो.

“काका, सगळ्यात अवघड काय असायचं?”

“दिसणं,” ते म्हणाले. “तीन ठिकाणं दिसल्याशिवाय आपण कुठे उभे आहोत हेच टेबलावर येत नाही. साल-सागाच्या जंगलात पन्नास पावलांवरचं दिसत नाही. मग खलाशी झाडावर चढायचा, नाहीतर वाट तोडायची. डोंगराच्या माथ्यावर जाऊन एक झेंडा लावायला कधीकधी आख्खा दिवस जायचा.”

“आणि गावं?”

“गावाचं नाव विचारायचो. सांगणारा गोंडीत सांगायचा, ऐकणारा हिंदीवाला, लिहून घेणारा कुणी तिसराच. त्यातून जुनी पत्रकं घेऊन गेलो की दिलेल्या जागी गाव नसायचं. जुनी चूल, आंब्याचं झाड, एवढंच. गाव ओढ्यापलीकडे. मग जुन्या नावापुढे ‘ओसाड’ लिहायचं. अरे, ओसाड कसलं? माणसं तिथेच होती, एक टेकडी पलीकडे!”

टोपोशीटवरचं ते ‘ओसाड’ मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो.

१९८०च्या दशकात दोन दारं एकदम बंद झाली. मध्य प्रदेश सरकारने घोटुलवरच्या, म्हणजे तरुणांच्या युवागृहावरच्या, बाहेरच्या चित्रीकरणाचं निमित्त होऊन अबुझमाडात बाहेरच्यांना प्रवेशबंदी केली, ती छत्तीसगड सरकारने २००९ मध्ये उठवली. दुसरीकडे, याच सुमारास आंध्रातून नक्षलवादी दल आत आले आणि माड त्यांचा बालेकिल्ला झाला. मोजणीला जाणारा कर्मचारी जीव मुठीत धरून तरी किती आत जाणार? या काळात आत टिकून राहिलेल्या थोड्या संस्थांत १९८५ मध्ये नारायणपूरला सुरू झालेला रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. अकाबेडा, कुंदला, कच्चापाल, कुतुल, इरकभट्टी इथल्या त्याच्या केंद्रांत माडियांची एक पिढी शिकली. आणि पलीकडे, महाराष्ट्राच्या बाजूने, हेमलकसा. त्याच्या जवळ, भामरागडला, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे. यातली पर्लकोटा म्हणजे छत्तीसगडातली कोटरी. १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या आणि डॉ. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी चालवलेल्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात माडातले रुग्ण कित्येक दिवस चालत आले. राज्याची हद्द त्यांना आडवी आली नाही. आजारी माणसाला कोणती वाट कुठे नेते, हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं.

मोजणी न झाल्याचे परिणाम रायपुरात बसून कळत नाहीत. छत्तीसगडात धान आधारभावाने विकायचं तर सोसायटीत नोंदणी लागते आणि नोंदणीला जमिनीचा कागद लागतो. किसान क्रेडिट कार्डाला तोच कागद. पीकविम्याला तोच. केंद्राची शेतकरी सन्मान रक्कम जमीनधारक कुटुंबाला. जातीच्या दाखल्यासाठी आपल्याकडे जुन्या बंदोबस्ताची, म्हणजे महसुली मोजणीची, मिसल मागतात. ज्या गावात बंदोबस्तच झाला नाही, तिथला पोरगा मिसल कुठून आणणार? ग्रामसभेच्या ठरावावर दाखला देण्याची सोय पुढे झाली, पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या आदिवासी असण्याबद्दल कोणाच्या मनात शंका नाही, त्यांनाच कागदासाठी खेटे घालावे लागले. नवा रायपूरमध्ये संचालनालयांच्या इमारतीचं नाव इंद्रावती भवन आहे. त्या इमारतीत सगळी कामं खसरा क्रमांकाने होतात, आणि इंद्रावतीला पाणी देणाऱ्या डोंगरांतल्या शेताला तो क्रमांकच नव्हता.

२०१७ मध्ये अखेर महसुली मोजणी सुरू झाली. आयआयटी रुरकीची मदत घेतली गेली, उपग्रहाच्या प्रतिमा घेतल्या गेल्या, आणि आत जाता येईल त्या गावांपासून काम हाती घेतलं. पुढच्या सरकारने मसाहती खसऱ्याचा निर्णय केला. पूर्ण बंदोबस्त होईपर्यंत कब्जेदाराच्या नावाने प्राथमिक नोंद करायची आणि तिच्या आधारे योजनांचा लाभ द्यायचा, असा त्याचा अर्थ. हा निर्णय मला योग्य वाटतो. पोट थांबत नाही, बंदोबस्ताला वर्षं लागतात.

उपग्रहाने मात्र सगळं सुटतं हा भ्रम आहे. २०००च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने जवळपास सगळ्या वसलेल्या जगाची उंची मोजली. दाट जंगलात ते रडार बरंचसं झाडांच्या शेंड्यांवरून परततं, त्यामुळे टेकडी असते त्याहून उंच भासते. आपल्या कार्टोसॅटने २००५ पासून एकाच जागेच्या दोन कोनांतून प्रतिमा घेतल्या, पण छत्राखालची जमीन त्यालाही दिसत नाही. विमानातून किंवा ड्रोनमधून सोडलेल्या लायडारच्या लेझर किरणांतले काही पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत जाऊन परततात, म्हणून माडासारख्या मुलखात तेच तंत्र उजवं. पण पेंद्याचा हक्क कोणत्या किरणाला दिसणार? वरून पाहणाऱ्याला एका वर्षी उतारावर पिवळा चट्टा दिसतो, तीन वर्षांनी दुसरीकडे, आणि अहवालात ‘वनक्षय’ अशी नोंद होते. तो चट्टा कोणत्या कुळाच्या भूमीतला आणि कोणाच्या पाळीचा, हे गायत्यालाच विचारावं लागतं.

ते विचारण्याची वाट कायद्याने २००६ मध्येच दिली आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३ (१) मध्ये न मोजलेल्या गावांना महसुली गावाचा दर्जा मिळवण्याचा हक्क आहे, सामूहिक वनसंपत्तीचा हक्क आहे, आणि विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी पर्यावासाचा, म्हणजे आख्ख्या टापूचा हक्क आहे. अबुझमाडिया या गटांत मोडतात. छत्तीसगडात २०२३ मध्ये धमतरीच्या कमारांना आणि त्यानंतर गौरेला-पेंड्रा-मरवाहीच्या बैगांना असे पर्यावास हक्क दिले गेले. कमारांना जमलं ते माडियांना का जमू नये?

आणि हे कसं करायचं याचा धडा आमच्या मराठी मुलखातच आहे. गडचिरोलीच्या मेंढा लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्याआधी कितीतरी वर्षं तिथली ग्रामसभा एकमताने निर्णय घेत होती, आपलं जंगल कुठून कुठवर हे बसून ठरवत होती. बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकारही त्यांनी २०११ मध्ये मिळवला. तिथे हद्द आधी गावाने चालून पाहिली, शेजारच्या गावाशी बोलून पक्की केली, मग सरकारी कागद झाला.

अबुझमाडात आता रस्ते आणि सुरक्षा दलांच्या छावण्या आत सरकत आहेत. २१ मे २०२५ रोजी माओवादी पक्षाचा सरचिटणीस बसवराजू इथेच मारला गेला. त्यानंतर बंद दारं भराभर उघडू लागली आहेत, आणि मोजणीला वेग येणार हे उघड आहे. मला भीती या वेगाची वाटते. रावघाटची खाण शेजारी असताना आणि इंद्रावतीवरच्या बोधघाट धरणाची चर्चा पुन्हा सुरू असताना, घाईने झालेली नोंद कोणाच्या उपयोगाची ठरेल हे सांगायला नको. बोधघाटची पायाभरणी १९७९ मधली. धरणाची उंची ठरली की टोपोशीटवरची एक समोच्च रेषा बुडिताची कड होते, आणि त्या रेषेच्या आत ज्याचं नाव नोंदलेलं नाही, त्याला भरपाईच्या यादीत जागा नसते.

म्हणून प्रश्न खसऱ्याच्या एका रकान्यावर येतो. आपल्या महसुली वर्गीकरणात वर्षभर न पेरलेली जमीन चालू पडीत, पाच वर्षांपर्यंतची इतर पडीत, आणि पाच वर्षांहून अधिक काळ तशीच राहिलेली जमीन लागवडीलायक पण ओसाड धरली जाते. पेंद्याचा उतार दहा-बारा वर्षं विसावतो. म्हणजे आजच्या नियमाने मोजणी केली, तर माडियाच्या बहुतेक शेतांची सहाव्या वर्षी ओसाड म्हणून नोंद होईल आणि ती सरकारजमा जमिनीच्या वाटेला लागतील. वनहक्काचा वैयक्तिक पट्टा चार हेक्टरपर्यंतच मिळतो, त्यातही विसावलेला उतार बसवणं कठीण. मसाहतीच्या कच्च्या नोंदीचा पक्का अभिलेख होण्याआधी प्रत्येक भूमीची हद्द गायत्यासोबत चालून नकाशावर यावी, आणि तिच्या आतल्या विसावलेल्या पेंद्याला ग्रामसभेच्या नावाने स्वतंत्र वर्ग मिळावा. हा निर्णय अबुझमाडातल्या ओरछा भागातल्या ग्रामसभांनी घ्यायचा आहे. इंद्रावती भवनाने तो नोंदवून घ्यावा.